तिकीटबारी आणि तिचा निर्णय

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत आणि हे सदर त्या एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : 'बाईपण भारी देवा' लागला तेव्हा आमच्या भिशीतल्या सगळ्या जणी नऊवारी नेसून, नथ घालून थिएटरात गेलो होतो. आम्ही रडलो, हसलो आणि मध्यंतरात अनोळखी बायकांशी गप्पा मारल्या. माझी मुलगी समाजशास्त्र शिकते. तिच्या मते ज्या चित्रपटाने इतके कोटी कमावले तो स्त्रीवादी असूच शकत नाही, तो बायकांच्या भावनांचा बाजार आहे. मला हे पटत नाही, पण तिला नीट उत्तरही देता येत नाही. तुफान चाललेल्या व्यावसायिक चित्रपटातून खरा स्त्रीवादी विचार पोहोचू शकतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पोहोचू शकतो, आणि मराठी चित्रपटाच्या इतिहासात तो पोहोचलेला आहे. तरीही आपल्या मुलीची शंका उडवून लावण्यासारखी नाही. तिचे बोट फक्त थोडे बाजूला पडले आहे. चित्रपटाने किती पैसे मिळवले यावरून त्यातला विचार खरा की खोटा हे ठरत नाही. ते बऱ्याच अंशी ठरते चित्रपटात आधी किती पैसे घातले गेले, आणि ते परत मिळवण्यासाठी कोणाकोणाला न दुखावण्याची काळजी घ्यावी लागली, यावरून. मोठा गल्ला आणि मोठी गुंतवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 'ब्लॉकबस्टर' हा एकच शब्द दोन्हींना वापरत असल्यामुळे आपली चर्चा सुरुवातीलाच चुकीच्या वाटेला लागते.

शेकडो कोटींचा चित्रपट काढायचा म्हणजे पहिल्या तीन दिवसांत देशभरातल्या हजारो पडद्यांवर गर्दी खेचणे आलेच. त्यासाठी मोठा नट हवा. त्या नटाचे मानधन हाच खर्चाचा मोठा वाटा असतो आणि त्याच्या चाहत्यांना तो पडद्यावर मधोमध दिसायला हवा असतो. शिवाय दूरचित्रवाणीचे आणि ओटीटीचे हक्क विकायचे तर संपूर्ण कुटुंबाला एकत्र बसून पाहता येईल असा मजकूर हवा. अशा चित्रपटात बाईच्या बाजूचे बोलणे चालते, किंबहुना हल्ली ते मुद्दाम घातले जाते. परंतु प्रेक्षकांतल्या एखाद्या गटाला आपले घर, आपली जात किंवा आपला नायक यांविषयी अस्वस्थ व्हावे लागेल अशी वेळ आली की पटकथा वळण घेते. जिथे पैसे कमी घातलेले असतात तिथे हे वळण घेण्याची सक्ती नसते. पुढे तो चित्रपट तुफान चालला, तर आधी सांगून झालेली गोष्ट त्यामुळे बदलत नाही.

१९३७ सालचा, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू' हा त्याचा जुना आणि ठसठशीत दाखला. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो केला आणि 'दुनिया ना माने' या नावाने तो हिंदीतही आला. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न लग्न म्हणून मान्य करायला नकार देते आणि शेवटपर्यंत त्या नकारावर ठाम राहते. तिला सोडवायला कोणी तरुण प्रियकर येत नाही. त्या काळात असा प्रियकर घालणे किती सोपे होते आणि त्याने चित्रपट किती गोड झाला असता याचा विचार केला, म्हणजे तो न घालण्यातला निर्धार लक्षात येतो. वाह्यात सावत्र मुलाला ती स्वतः छडीने झोडपून काढते. शकुंतला परांजपे यांनी त्यात शिकलेल्या, विधवा सावत्र मुलीची भूमिका केली, आणि त्याच शकुंतलाबाई प्रत्यक्षात कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी झटत होत्या. हा चित्रपट लोकांनी गर्दी करून पाहिला. त्यात उणीव नाही असे मात्र मी म्हणणार नाही, कारण नीराची सुटका शेवटी म्हाताऱ्याला झालेल्या उपरतीने आणि त्याच्या आत्महत्येने होते, तिने स्वतः उघडलेल्या दाराने होत नाही. तरीसुद्धा एका विवाहित बाईचा 'नाही' हा शब्द संपूर्ण कथेचा कणा होऊ शकतो, हे व्यावसायिक चित्रपटाने नव्वद वर्षांपूर्वीच सिद्ध केले आहे.

आता आपल्या भिशीकडे येते. बायका मोठ्या संख्येने थिएटरात आल्या एवढ्यावरून चित्रपट बायकांच्या बाजूचा ठरत नाही, हे आपण १९९१ मध्ये पाहिले आहे. 'माहेरची साडी' पाहायला गावोगावच्या बायका आल्या, घळाघळा रडल्या, आणि त्या चित्रपटाने सोसणाऱ्या सुनेला देव्हाऱ्यात बसवले. त्या रडण्याला मी खोटे म्हणणार नाही. सासरचा छळ हा तिथे बसलेल्या कितीतरी जणींचा रोजचा अनुभव होता आणि तो पडद्यावर दिसणे हीसुद्धा एक मोकळीक होती. पण चित्रपटाने त्या अनुभवाला दिलेले उत्तर एकच होते, ते म्हणजे सोसण्याची थोरवी. बाई ही प्रेक्षक म्हणून कळली, मात्र तिचा प्रश्न कळला नाही.

त्या तुलनेत ३० जून २०२३ ला प्रदर्शित झालेला, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेला आणि वैशाली नाईक यांनी लिहिलेला 'बाईपण भारी देवा' बराच पुढे आलेला आहे. सहा बहिणी, त्यांतल्या बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, आणि एकही मोठा नायक नाही. अशा चित्रपटाला ७० कोटींहून अधिक गल्ला मिळतो, ही निर्मात्यांच्या खोलीत वर्षानुवर्षे ऐकवल्या गेलेल्या एका समजुतीला मिळालेली सणसणीत चपराक आहे. बायकांचा चित्रपट चालत नाही, आणि प्रौढ बायकांचा तर मुळीच नाही, ही ती समजूत. या वयातल्या बाईचे शरीर, तिची दमणूक, बहिणी-बहिणींमधले जुने रुसवे यांना कथेचा विषय होण्याची लायकी आहे हे त्याने मान्य केले. मंगळागौरीची निवडही मला अर्थपूर्ण वाटते, कारण मंगळागौर हे नवविवाहितेचे व्रत आहे, आणि इथे उतारवयाकडे झुकलेल्या बायका त्यातला फक्त खेळ उचलतात आणि तो स्वतःसाठी खेळतात.

तरीही आपल्या मुलीच्या म्हणण्यातला एक धागा मी धरून ठेवीन. या बहिणींचे सगळे प्रश्न अखेरीस बहिणी एकत्र आल्याने आणि मन मोकळे केल्याने हलके होतात. घरात स्वयंपाक कोण करतो, पैसा कोणाच्या हातात असतो, आजाऱ्याची उस्तवार कोणाच्या वाट्याला येते, ही घडी मात्र जवळपास होती तशीच राहते. थिएटरातून बाहेर पडलेल्या पुरुषाला घरी जाऊन काही वेगळे करावे लागेल असे हा चित्रपट त्याच्यापाशी मागत नाही. म्हणून मी त्याला बायकांना मान देणारा, त्यांच्या मैत्रीवर मनापासून विश्वास ठेवणारा चित्रपट म्हणेन. व्यवस्थेला हात घालणारा म्हणणार नाही. यात आपल्या आनंदाला कमीपणा येण्याचे काहीच कारण नाही. एकट्याने जायला संकोचणाऱ्या कितीतरी बायका त्या निमित्ताने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मर्जीने थिएटरात गेल्या. ती घटना पडद्यासमोरची असली तरी तिचे मोल आहेच.

पण खऱ्या अर्थाने दोन्ही गोष्टी साधलेला चित्रपट कोणता, असे आपल्या मुलीने विचारले तर तिला 'सैराट' पुन्हा पाहायला सांगा, आणि या वेळी पार्श्याकडे नव्हे, आर्चीकडे बघ असे सांगा. २०१६ च्या एप्रिल अखेरीस नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट आला आणि शंभर कोटींच्या घरात जाणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. नवखे चेहरे, करमाळ्याचा परिसर आणि हिंदीच्या मानाने अगदी किरकोळ खर्च, त्यामुळे कोणत्याही नटाची प्रतिमा सांभाळायची नव्हती. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी होती. त्या भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला.

पूर्वार्धात आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, विहिरीत पोहणाऱ्या पोरांना दटावून बाहेर काढते. वर्गात ती पार्श्याकडे टक लावून पाहते आणि बावरतो तो. लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९७५ मध्ये एक निबंध लिहून दाखवून दिले होते की लोकप्रिय चित्रपटात पाहणारा पुरुष असतो आणि बाई ही पाहिली जाणारी वस्तू असते. इथे तो क्रम सरळ उलटा झाला आहे, आणि तो इतक्या सहज उलटला आहे की प्रेक्षकांनी त्यावर शिट्ट्या मारल्या. अनेकांची आर्ची एवढ्यावरच संपते. खरी गोष्ट पुढे आहे.

आर्चीचा तो बेधडकपणा तिच्या एकटीचा नाही. तो पाटलाच्या वाड्यातून, जमिनीतून आणि जातीतून आलेला आहे. तिचा भाऊ वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत देतो आणि त्याला कोणी जाब विचारत नाही, त्याच सत्तेच्या सावलीत ती बुलेटवर बसते. हैदराबादच्या झोपडपट्टीत आल्यावर ती सावली जाते आणि तिला सगळे नव्याने शिकावे लागते. परकी भाषा, सामायिक संडास, बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी, सगळेच. तिला उभे करणारी व्यक्तीसुद्धा बाईच आहे, डोशाची गाडी चालवणारी, एकटीने मूल वाढवणारी. मग पार्श्या, तोच प्रेमळ आणि लाजाळू पार्श्या, संशय घेऊ लागतो आणि एके दिवशी तिच्यावर हात उचलतो. ती निघून जाते. परत येते तीही स्वतःच्या विचाराने. गावच्या पाटलापासून सुटलेल्या मुलीला प्रेमाच्या घरातही तोच हात भेटू शकतो, हे लोकप्रिय प्रेमकथेत सांगायला मोठे धैर्य लागते, कारण अशा कथेचा सगळा धंदा नायकावरच्या प्रेमावर चाललेला असतो.

आणि शेवट. तिने आईला केलेल्या एका फोनमुळे माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात येतात, आणि मग जे घडते त्यावर संगीत नाही, आवाज नाही. पूर्वार्धातल्या 'झिंगाट'वर जे प्रेक्षक खुर्च्यांतून उठून नाचले, त्याच प्रेक्षकांना हा आवाज नसलेला शेवट बसून पाहावा लागला. हे काम छोट्या, गंभीर, महोत्सवी चित्रपटाला साधले नसते, कारण त्याचा प्रेक्षक आधीच पटलेला असतो. जब्बार पटेलांचा 'उंबरठा' मला फार मोलाचा वाटतो, शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीतली ती घर सोडून जाणारी सुलभा स्मिता पाटील यांनी अजरामर केली आहे. परंतु तो पाहायला जो पुरुष गेला तो बहुधा प्रश्न मनात घेऊनच गेला होता. 'सैराट' पाहायला गेलेला पुरुष गाण्यांसाठी गेला होता. व्यावसायिक चित्रपटाची गाणी, नाच, विनोद हे विचाराला लागलेले गालबोट आहे असे मानणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. आनंद हेच त्याचे वाहन होते आणि त्या वाहनातून त्याने प्रेक्षकाला अशा जागी नेले जिथे तो आपणहून गेला नसता.

मी सुरुवातीला गुंतवणुकीविषयी जे म्हटले त्याची खात्री करून घ्यायची असेल तर २०१८ चा 'धडक' शेजारी ठेवून पाहा. तीच कथा, मोठी निर्मितीसंस्था, चकचकीत उदयपूर. तिथे जात पुसट झाली, आणि जात पुसट होताच मुलीचा निर्णयही पुसट झाला, कारण ती नेमकी काय ओलांडून आली हेच प्रेक्षकाला नीट दिसेना.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. 'दंगल' आणि 'पिंक' हे माझे आवडते चित्रपट आहेत. मैत्रिणी म्हणतात की त्यांत पुरुषच मुलींना वाचवतो, म्हणून ते स्त्रीवादी नाहीत. एखाद्या पुरुषाने मुलींची बाजू घेतली तर त्यात वाईट काय? आणि 'बार्बी'सारखा चित्रपट तर भाषणच देतो, तो मात्र चालतो, असे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पुरुषाने बाजू घेण्यात वाईट काहीच नाही. महाराष्ट्रात तर मुलींच्या शिक्षणाची आणि विधवाविवाहाची लढाई पुरुषांनीही आयुष्य पणाला लावून लढली आहे. आपल्या मैत्रिणींचा आक्षेप मला निराळा वाटतो. कथेतला निर्णायक क्षण कोणाच्या हातात दिला आहे आणि तो तसा का दिला आहे, हा त्यांचा प्रश्न आहे.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या 'दंगल'मधली फोगाट बहिणींची गोष्ट खरी आहे. हरियाणातल्या बलाली गावात महावीर सिंग फोगाट यांनी मुलींना आखाड्यात उतरवले ही गोष्ट लहान नाही. चित्रपटातही एक प्रसंग असा आहे की तो मला विसरता येत नाही. बालवयातच लग्न लागणारी मैत्रीण या बहिणींना सांगते की तुमचा बाप निदान तुम्हाला आपली मुले तरी समजतो, आमच्या नशिबी चूल आणि अनोळखी घर आहे. वडिलांच्या हट्टावर रुसलेल्या मुलींना दुसरी मुलगी तिच्या जागेवरून जग दाखवते, आणि चित्रपटाचा सूर तिथून बदलतो. हा क्षण लेखकांनी दोन मुलींमध्ये ठेवला, वडिलांच्या तोंडी दिला नाही, हे त्यांचे श्रेय.

पण चित्रपट एका अतिशय मोठ्या नटावर उभा होता, आणि म्हणून पुढे कथा हळूहळू वडील विरुद्ध प्रशिक्षक अशी दोन पुरुषांची होत जाते. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले गीताचे सुवर्णपदक खरे. अंतिम लढतीच्या वेळी वडिलांना खोलीत कोंडून ठेवणे हा मात्र पटकथेचा कल्पित प्रसंग. प्रत्यक्षातली ती लढत गीताने वर्चस्व राखून जिंकली होती. चित्रपटात तिचा विजय शेवटच्या काही सेकंदांवर आणि वडिलांच्या जुन्या धड्याच्या आठवणीवर लटकवून ठेवावा लागला. दुष्ट प्रशिक्षकाचे पात्र आल्याने प्रेक्षकाला राग काढायला एक माणूस मिळाला, आणि खेळाच्या व्यवस्थेकडे त्याचे लक्ष गेलेच नाही. २०२३ च्या जानेवारीत याच घराण्यातली विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि इतर कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या आणि कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले, तेव्हा वाट एखाद्या हेकेखोर प्रशिक्षकापेक्षा किती बिकट आहे ते देशाला दिसले. चित्रपट सहा वर्षे आधीचा आहे, त्याने भविष्य सांगायला हवे होते असे माझे म्हणणे नाही. मात्र अडथळा म्हणजे एक वाईट माणूस, ही मांडणी धंद्याला फार सोयीची पडते आणि वास्तवाशी ती फारशी इमान राखत नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

'पिंक'बद्दल माझे मत थोडे मऊ आहे. बाईच्या नकाराला अटी लागू होत नाहीत ही गोष्ट त्या चित्रपटामुळे चहाच्या टपऱ्यांवर आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर बोलली गेली. ती गोष्ट वयोवृद्ध, वजनदार, सर्वांना आदरणीय वाटणाऱ्या पुरुष नटाने सांगितली म्हणून ती ऐकली गेली, हेही खरे. आपल्या मैत्रिणींना जी खंत वाटते ती मला इथे पूर्ण समजते, कारण चित्रपटातल्या, खटल्यात अडकलेल्या तीन मुली हेच वाक्य पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. ज्या समाजात मुलीच्या शब्दाला पुरुषाच्या आवाजाची हमी लागते त्या समाजाला त्याच रीतीने समजावणे हा उपयुक्त मार्ग आहे, पण त्यामुळे ती रीत मोडत नाही. उपयुक्त आणि पुरेसा यांत जे अंतर आहे ते अंतर ठेवूनच मी त्या चित्रपटाला मान देते.

'बार्बी'विषयी आपण म्हणता ते अर्धे मला मान्य आहे. ग्रेटा गर्विग यांच्या २०२३ च्या या चित्रपटाने जगभरात १.४ अब्ज डॉलरहून अधिक मिळवले, आणि त्यातले बाई होण्याच्या अशक्य अपेक्षांविषयीचे लांबलचक बोलणे जगभर गाजले. १९५९ पासून जी बाहुली बाजारात आहे तिच्याच कंपनीने हा चित्रपट होऊ दिला, आणि कंपनीच्या पुरुष संचालकांची त्यात भरपूर थट्टाही करू दिली. मला विचाराल तर ही थट्टा म्हणजेच त्या स्वातंत्र्याची सीमा आहे. कंपनी स्वतःवर हसू देते, कारण त्या हसण्याने बाहुल्यांचा खप कमी होत नाही. बाहुल्या बनवणाऱ्या कारखान्यात हात कोणाचे राबतात, हा प्रश्न त्या गुलाबी जगात कुठेही येत नाही. असे असले तरी एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीने ते बोलणे ऐकले आणि आपल्या आईला वाटणारी दमणूक हा तिचा वैयक्तिक दोष नव्हे हे तिला पहिल्यांदा उमगले असेल, तर त्या उमगण्याला बनावट म्हणण्याचा अधिकार मला नाही. तिथून पुढचे मात्र तिला अन्यत्र शोधावे लागेल.

प्रश्न : 'स्त्री २' मध्ये बाईच्या स्वातंत्र्याची गोष्टही आहे आणि त्यात पुरुषांच्या मेजवानीसाठी नाचगाणेही आहे. हे एकत्र कसे नांदते?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ते नांदत नाही, ते शेजारी शेजारी ठेवले जाते, आणि प्रेक्षकाने आपल्या सोयीचे उचलावे अशी व्यवस्था केली जाते. २०१८ चा पहिला 'स्त्री' तुलनेने लहान चित्रपट होता आणि त्याची कल्पना अगदी नेमकी होती. चंदेरी गावात एका बाईच्या भुताच्या धाकाने रात्री बाहेर पडायला पुरुष घाबरतात, बायका त्यांना लवकर घरी या म्हणून बजावतात, आणि भीतीची ही अदलाबदल पाहून प्रेक्षक हसता हसता चपापतो. त्या भुताचा नायनाट करून गाव सुटत नाही, त्या बाईला नाकारलेला मान देऊन सुटते, हाही त्या लेखनातला खरा विचार होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दुसरा भाग आला तोवर त्या नावाला बाजारात मोठी किंमत आली होती. शिकलेल्या, आधुनिक मुलींना पळवून नेणारा राक्षस ही कल्पना वाईट नव्हती. परंतु आता पाहुणे नट हवे होते, प्रदर्शनाआधी गाजेल असे गाणे हवे होते. त्या गाण्यात कॅमेरा जिथे जिथे थांबतो तिथे चित्रपटाच्या नावाचा विसर पडलेला असतो. नाचणाऱ्या अभिनेत्रीला यात मी दोष देत नाही. नाच हे तिचे कौशल्य आहे. कॅमेरा कुठे लावायचा हा निर्णय तिचा नसतो.

प्रश्न : पडद्यावर स्त्रीमुक्तीची गोष्ट सांगणारे लोक पडद्यामागे बायकांशी कसे वागतात, याचा विचार चित्रपटाचे मोल ठरवताना करावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : करावा, आणि या प्रश्नाचे उत्तर आपल्याच गावात आहे. वर ज्या 'कुंकू'चे मी कौतुक केले त्यात नीराची भूमिका शांता आपटे यांनी केली होती. भूमिका गाजली, चित्रपट गाजला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३९ च्या जुलैमध्ये, करार आणि मानधन यांवरच्या वादातून याच शांताबाई प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या. पुढच्या वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिले आणि चित्रपटाच्या धंद्यात नटाचे, विशेषतः बाईचे, शोषण कसे होते ते त्यात मांडले. पडद्यावर 'नाही' म्हणणाऱ्या बाईचे ज्या चित्रसंस्थेने कौतुक करून घेतले, त्याच संस्थेच्या दारात त्या बाईला स्वतःच्या हक्कासाठी उपाशी बसावे लागले. यामुळे 'कुंकू' खोटा ठरत नाही, पण मराठी चित्रपटाचा इतिहास लिहिताना नीराचा नकार जेवढ्या अभिमानाने सांगितला जातो तेवढ्याच अभिमानाने शांताबाईंचे उपोषणही सांगितले जायला हवे. माझ्या दृष्टीने त्या दोन्हींपैकी अधिक मोठे कृत्य दुसरे आहे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. केरळमध्ये २०१७ साली एका अभिनेत्रीचे अपहरण करून तिच्यावर अत्याचार झाल्यावर तिथल्या चित्रपटसृष्टीतल्या बायकांनी एकत्र येऊन संघटना उभी केली, आणि त्यांच्या रेट्यामुळे राज्य सरकारला निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. समितीने २०१९ च्या अखेरीस अहवाल दिला आणि तो काही भाग झाकून लोकांसमोर यायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. त्यात लैंगिक छळाइतकाच ठळकपणे येणारा विषय साध्या सोयींचा आहे. चित्रीकरणाच्या जागी स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला सुरक्षित खोली नाही. वेशभूषा, केशभूषा, नृत्यपथक यांत राबणाऱ्या, पडद्यावर ज्यांचे नाव धड वाचायलाही मिळत नाही अशा बायकांचे दिवस त्या अहवालात आहेत. एखाद्या चित्रपटातला संदेश खरा की देखावा हे जोखताना त्याच्या श्रेयनामावलीत लेखन, संकलन, छायाचित्रण या जागी किती बायका आहेत हे जरूर पाहावे. एवढ्याने चित्रपट चांगला होत नाही, पण कॅमेरा कुठे थांबवायचा यावर जिथे वाद व्हायला हवा तिथे निदान वाद घालायला कोणी तरी असते.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. आठवी-नववीच्या मुलामुलींना एकत्र बसवून दाखवता येईल आणि त्यावर चर्चा करता येईल असा, त्यांना कंटाळा न येणारा चित्रपट सुचवाल का? चर्चेसाठी काही कसोटीही सांगावी.
— एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : 'इंग्लिश विंग्लिश' दाखवा. गौरी शिंदे यांनी लिहून दिग्दर्शित केलेला २०१२ चा हा चित्रपट हिंदीत असला तरी त्यातली शशी गोडबोले पुण्याची आहे, घरी लाडू करून विकते, आणि इंग्रजी येत नाही म्हणून नवऱ्याच्या आणि मुलीच्या टोमण्यांची धनी होते. तो चालला, श्रीदेवींचे पुनरागमन म्हणून गाजला, आणि त्यात खलनायक म्हणावा असा कोणीही नाही. म्हणूनच तो वर्गात उपयोगी पडेल. मारझोड करणारा नवरा दाखवला की मुलगे सुटकेचा निःश्वास टाकतात, कारण आपले बाबा तसे नसतात. इथला नवरा हसतमुख आहे, बायकोच्या लाडवांचे कौतुकही करतो, आणि त्याच कौतुकातून तिची जागा स्वयंपाकघरात पक्की करतो. हे ओळखायला आठवीतल्या मुलांना थोडा वेळ लागेल, तो लागू द्यावा. शशी शेवटी संसार मोडत नाही, यावर वर्गातल्या एखाद्या मुलीने आक्षेप घेतला तर तो खोडून काढू नये; तो आक्षेप योग्य आहे आणि त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते.

कसोटी म्हणून अमेरिकन चित्रकथाकार ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या एका व्यंगचित्रपट्टीतून निघालेली कसोटी मुलांना आवडते, कारण ती मोजता येते. चित्रपटात निदान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि ते बोलणे पुरुषाखेरीज अन्य विषयावर हवे. मुलांना त्यांच्या आवडत्या चित्रपटांवर ती लावून पाहू द्या, निकाल पाहून ती स्वतःच चकित होतील. मात्र या चाळणीतून सोसण्याचा गौरव करणारा चित्रपटही सहज पार होऊ शकतो, म्हणून तिथे थांबू नये. त्यानंतर वर्गाला चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय शोधायला सांगावे, तो कोणी घेतला ते विचारावे, आणि त्या निर्णयानंतर घरातले कोणते काम कोणाकडून कोणाकडे गेले ते वहीत लिहायला लावावे. मुलगे आणि मुली यांनी हे वेगवेगळ्या गटांत न लिहिता एकत्र बसून लिहिले तर अधिक बरे. तास पुरणार नाही, तेव्हा चित्रपट एका दिवशी आणि चर्चा दुसऱ्या दिवशी ठेवावी.